रोजनिशीचा सरंजाम

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकर प्रथम मुलांच्या शाळेचा विचार करतो, मग घराचा, आणि जुन्या कागदांचा सर्वांत शेवटी. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात कोलकात्याहून दिल्लीस येताना माझी एक ट्रंक वाटेत भिजली. तिच्यात वरच्या बाजूस वडिलांची पत्रे होती. मी वसतिगृहात असताना त्यांनी ती लिहिली होती. घरी दूरध्वनी होता, परंतु महत्त्वाची गोष्ट कागदावरच सांगावी असा त्यांचा बाणा होता. ट्रंकेच्या तळाशी पणजोबांची एक चोपडी होती, सबंध मोडीत लिहिलेली. ट्रंक उघडली तेव्हा पत्रांवर निळसर डाग तेवढे उरले होते. वडील आता नाहीत. चोपडीचा दोरा सुटला होता, कडा फुगल्या होत्या, परंतु अक्षर काल लिहावे तसे काळेभोर होते. जे मला वाचता येत होते ते धुऊन गेले, आणि जे राहिले त्यातले एक अक्षर मला लागत नव्हते.

ही हकिगत मी शाखेतील एका तरुण सहकाऱ्यांना सांगितली. ते ‘बुलेट जर्नल’ ठेवतात. न्यूयॉर्कच्या रायडर कॅरल यांनी २०१३ साली लोकांपुढे मांडलेली ही पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. रोजची कामे एकेका ठिपक्यापुढे लिहावयाची, झालेल्या कामावर फुली मारावयाची आणि राहिलेले काम बाणाची खूण करून पुढील पानावर न्यावयाचे. (यांपैकी तिसरी क्रिया आमच्या कचेरीत कोणास शिकवावी लागत नाही.) पद्धत साधी, पण तिचा सरंजाम मोठा: ठिपक्यांच्या पानांची जाड वही, फौंटन पेन, नाना रंगांच्या शाया, चिकटपट्ट्या, पट्ट्या. यातले टिकाऊ काय, हा त्यांचा प्रश्न होता, माझाही होता. आम्ही दोघांनी ते तपासून पाहावयाचे ठरविले, आणि त्या निमित्ताने मी आपल्या जुन्या दफ्तरांच्या साहित्याकडे वळलो.

कारण दिवसाच्या दिवशी टिपण्याची ही कला आपल्याला नवी नाही. पेशव्यांच्या दफ्तरात रोजनिशी आणि रोजकीर्द नियमाने लिहिली जाई. गणेश चिमणाजी वाड यांनी त्या रोजनिशांतून उतारे निवडले, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांवर निबंध वाचला, तेव्हा मराठ्यांचे राज्य म्हणजे केवळ घोडदौड नव्हे हे पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आले. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. हे सारे शक्य झाले ते कागद शाबूत होते म्हणून, कापडी रुमालांत बांधलेले. तंजावरच्या सरस्वती महालात भोसल्यांच्या काळचे मोडी कागद आहेत, तेही याच मार्गाने आपल्यापर्यंत आले. आपल्याप्रमाणे मुलूख सोडून गेलेल्या मराठी कारकुनांचे हात त्यांतही आहेत.

लिहिण्याच्या साहित्याची पारख करावी, हेही आपल्याकडे कोणी तरी सांगून ठेवले आहे, आणि ते सांगणारे साक्षात समर्थ आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. ठिकठिकाणचे बोरू आणावे, ते बारीक, घट्ट आणि सरळ पाहून घ्यावे, टाक तोडण्याचे निरनिराळे प्रकार अवगत असावे, हिंगूळ संग्रही असावा, असा तपशील तेथे आहे. माझ्या मनात ठसल्या त्या दोन सूचना. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही; आणि पानाच्या कडा मोकळ्या सोडाव्या, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. आमच्या नोटशीटला समास सोडलेला असतो, त्याचे कारण मला नोकरीत कोणी सांगितले नव्हते. हिंगुळाची तांबडी शाई मात्र समर्थांनी सर्वांस मोकळी ठेवली. आमच्या कार्यालयीन पद्धतीच्या पुस्तकात तांबडी व हिरवी शाई संयुक्त सचिव आणि त्यांहून वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच, तीही क्वचित प्रसंगी, वापरावी असे आहे.

कागदाची परीक्षा आम्ही आधी केली. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरास पूर्वी हातकागद होत असे. ताग, जुने दोर, चिंध्या चुन्यात कुजवून कुटावयाच्या, लगदा पाण्यात कालवून चाळणीवर उचलावयाचा, ताव भिंतीवर वाळवावयाचे. परंतु खरा कागद तेथून पुढे होतो. त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटतात. बाजारात मिळालेला, फुलांच्या पाकळ्या घातलेला हातकागद मी हौसेने आणला, आणि पहिल्याच रेघेला शाई चहूकडे फुटली. मग तांदळाची पेज लावून, वाळवून, कवडीने तासभर घोटला, तेव्हा बोरू चालू लागला. मोडीला तर हे अनिवार्य होते. आडवी रेघ आधी ओढून तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जावयाची. खरबरीत कागदावर बोरू अडखळला की लिपीचा वेगच संपला. सहकाऱ्यांच्या वहीचा कागद याबाबतीत उत्तम निघाला, हे प्रामाणिकपणे नोंदवितो. तो आम्लरहित आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ वापरलेला कागद आला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. दीडशे वर्षांची कित्येक पुस्तके याच कारणाने त्यांहून दुप्पट वयाच्या दफ्तरांपेक्षा अधिक जर्जर झाली आहेत.

शाईने मला अधिक शिकविले. पणजोबांनी काजळ आणि बाभळीचा डिंक वापरला असावा असे धरून मी तशी शाई केली. अक्षर सुरेख उमटले, आणि ओले फडके फिरविताच निघून गेले! गौरीशंकर ओझा यांच्या ‘भारतीय प्राचीन लिपिमाले’त (दुसरी आवृत्ती, १९१८) याचा उलगडा झाला. शाई दोन प्रकारची, कच्ची आणि पक्की. कच्चीत डिंक असतो. पक्कीसाठी पिंपळाची लाख पाण्यात उकळून तीत टाकणखार आणि लोध्र घालतात, मग तिळाच्या तेलाचे काजळ त्यात घोटतात. टाकणखाराने लाख पाण्यात विरघळते. वाळल्यावर ती काजळाला कागदाशी जखडून ठेवते. हिराकस घातलेली शाई तिसरी. ती पक्की खरी, परंतु कालांतराने कागदालाच खाते.

मे महिनाभर आम्ही पाच नमुने दिल्लीच्या उन्हात खिडकीवर ठेवले आणि नंतर पाण्यात बुडविले. सहकाऱ्यांची सर्वांत महाग, परदेशी निळी शाई उन्हात विटली आणि पाण्यात गेली; वडिलांच्या पेनात तिच्याच जातीची शाई असणार. बॉलपेन फिके झाले, पण टिकले. जेल पेनचे काळे अक्षर जसेच्या तसे राहिले, कारण त्यात विरघळणारा रंग नसून काजळासारखे कण असतात. लाखेची शाई टिकली. डिंकाची अर्थातच राहिली नाही. सहकारी आता दहा रुपयांचे जेल पेन वापरतात. निळी बाटली त्यांनी मला दिली आहे. तिने मी बाजाराच्या याद्या लिहितो.

मोडी मी गेल्या वर्षी शिकू लागलो. वर्णमालेचा तक्ता समोर ठेवून, रात्री जेवणानंतर, चोपडीचे एक पान. पहिल्या पानावर एक शब्द लागला, ‘लाख’, आणि मी पत्नीला मोठ्या डौलाने सांगितले की आमच्या कुळात एके काळी लाखाचे व्यवहार होत. आठवड्याने पुढील शब्द लागले: पाव शेर. त्याखाली टाकणखार आहे, त्याखाली तेल. चौथी ओळ अद्याप लागावयाची आहे.