हत्याराचे पाणी, कारागिराचा हात

घरी लहानसा लेथ किंवा भोके पाडण्याचे यंत्र बसवून हौसेने धातुकाम करणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो: हत्याराच्या टोकावर तेल कोणते सोडावे? ओळखीचा टर्नर एक सांगतो, दुकानदार दुसरेच काढून देतो, आणि बहुधा तो गृहस्थ शेवटी गॅरेजमधून फुकट मिळणारे जळके ऑइल डब्यात भरून आणतो. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. पण त्याच्या उत्तरामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात काही माणसांचे प्राणही खर्ची पडले आहेत.

लोखंड कातले जात असता दोन गोष्टी एकदम घडतात. धातू मोडून त्याची साल निघते, तेव्हा उष्णता उत्पन्न होते. आणि ती साल हत्याराच्या पाठीवरून घासत जाते, तेव्हा घर्षण होते. लोहार हत्याराला पाणी देतो हे आपण जाणतो. साध्या पोलादाचे हत्यार फार तापले की ते पाणी उतरते आणि धार बसते. घर्षण वाढले तर सालीचे कण धारेवर चिकटून बसतात व काम खरबरीत होते. उष्णतेवर उतारा पाणी, घर्षणावर उतारा स्निग्ध पदार्थ. परंतु पाण्याने गंज चढतो आणि त्याला ओशटपणा नाही. तेलाला ओशटपणा आहे, पण उष्णता वाहून नेण्यात ते पाण्याची बरोबरी करू शकत नाही. या दोहोंचा मेळ घालण्याची खटपट म्हणजेच आपल्या विषयाचा इतिहास होय.

पाश्चात्य कारागिरांची प्रथम भिस्त होती ती प्राण्यांच्या चरबीवर. डुकराच्या चरबीचे तेल, देवमाशाचे तेल ही त्यांची आवडती द्रव्ये. 1859 मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि स्वस्त तेल मुबलक झाले. पण नुसत्या खनिज तेलाला चरबीसारखे धातूला धरून राहणे साधत नाही, म्हणून दोन्ही मिसळू लागले. पुढे त्यात गंधक घालण्याची रीत पडली. धारेपाशी ताप चढला की हा गंधक लोखंडाशी संयोग पावतो व एक अतिपातळ थर तयार होतो; त्यामुळे साल हत्याराला चिकटत नाही. मात्र असा मोकळा गंधक तांब्या-पितळेला काळे पाडतो. एका धातूचे औषध ते दुसऱ्याचे अपथ्य, असा हा प्रकार आहे.

पाण्याची बाजू मांडली ती फ्रेडरिक टेलर याने. घड्याळ लावून मजुरांचे काम मोजणारा म्हणून हा गृहस्थ पुष्कळांच्या रोषास पात्र झाला. पण धातू कातण्याच्या शास्त्रात त्याने सव्वीस वर्षे प्रयोग केले, हेही विसरता येत नाही. फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याला 1883 च्या सुमारास आढळले की, साल जेथे सुटते नेमक्या त्याच जागी पाण्याची जाड धार सोडली तर कातण्याचा वेग 30 ते 40 टक्क्यांनी वाढवता येतो. 1884 साली तेथे नवी कार्यशाळा उभारली, तेव्हा प्रत्येक यंत्राखाली लोखंडी परात बसवली. गंज चढू नये म्हणून पाण्यात सोडा विरघळवला. परातीतले पाणी जमिनीखालच्या नळांनी एका विहिरीत जाई, तेथून पंपाने उंचावरच्या टाकीत चढे, आणि पुन्हा यंत्रांवर येई.

आता पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. 1906 साली आपल्या विख्यात निबंधात टेलरनेच तो सांगितला आहे. ही कार्यशाळा पाहुण्यांना खुली होती. तरीही, त्याच्या माहितीप्रमाणे, मिडव्हेलच्याच माणसांनी काढलेला एक लहानसा कारखाना वगळता, 1899 पर्यंत अमेरिकेत कोणीही ही योजना उचलली नाही! 1899 मध्ये ती बेथलेहेमच्या कारखान्यात आली. आणि तेथे तर टेलर स्वतःच जाऊन पोहोचला होता. लोक येत होते आणि पाहून परत जात होते. घरी जाऊन पूर्वीप्रमाणेच डबीतून थेंब थेंब गळू देत होते. ज्ञान डोळ्यांपुढे असणे निराळे आणि ते हातात उतरणे निराळे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत साबणासारख्या द्रव्यांच्या मदतीने तेल पाण्यात कालवता येऊ लागले आणि पाण्या-तेलाचा मेळ बसला. आपल्या गावोगावच्या लेथच्या दुकानांत यंत्रावर दुधासारखे जे पांढरे पाणी वाहताना दिसते, ते हेच.

पण कारखान्याचे उत्तर घरच्या कारागिराला लागू पडतेच असे नाही. लंडनमध्ये 1898 साली पर्सिव्हल मार्शलने ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढले, ते अशाच हौशी माणसांसाठी. घरचा लेथ सावकाश चालतो, काप हलका असतो, काम तासाभराचे. तेथे उष्णता हा मुख्य शत्रू नव्हे, शत्रू घर्षण. म्हणून पोलादाला हाताने आटे पाडताना गंधकयुक्त तेलाचे चार थेंब पुरतात. ॲल्युमिनियमला रॉकेल किंवा तत्सम पातळ तेल चालते. पितळ बहुधा कोरडेच कातावे. बिडात मूळचेच ग्राफाइट असल्यामुळे तेही कोरडे कातावे. तेल घातले तर बारीक भुकटीचा चिखल होतो. दुधी पाणी नुसते साठवून ठेवले तर त्यात जंतू वाढतात, घाण सुटते, आणि लेथही गंजतो.

इथवर हत्याराचा विचार झाला, हाताचा राहिला. 1922 साली मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी सूतगिरण्यांतील कामगारांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होत असल्याचे निदर्शनास आणले. संशय यंत्रांच्या तेलाकडे वळला. 1950 साली इंग्लंडमधीलच वैद्यकीय नियतकालिकात धातुकामाच्या यंत्रांवरील कामगारांविषयी तसेच लिहून आले. तेलाने भिजलेल्या यंत्रावर ओणवे होऊन काम करताना मांडीवरचे कपडे तेलाने थबथबत. आणि तेच कपडे दिवसभर अंगावर राहत. 1968 मध्ये अशाच रोगाने मेलेल्या एका कामगाराच्या विधवेचा दावा इंग्रज न्यायालयापुढे आला. कारखान्याच्या डॉक्टरला धोका ठाऊक होता. कामगारांना मात्र त्याची सूचना दिलेली नव्हती. न्यायाधीशांनी मालकाला जबाबदार धरले. ज्ञान वाढत असता मालकाने त्याच्या बरोबरीने राहिले पाहिजे आणि ते अमलात आणण्यात दिरंगाई करता कामा नये, असा त्या निकालाचा आशय आहे. मिडव्हेलच्या उघड्या दाराचीच ही दुसरी कथा. पहिल्या दिरंगाईत नफा बुडाला, दुसरीत माणूस गेला.

1987 पर्यंत अशुद्ध व अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले मानवात कर्करोग उत्पन्न करणारी म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थेने वर्गीकृत केली होती. आजची चांगली तेले कसून शुद्ध केलेली असतात. परंतु गॅरेजमधले जळके ऑइल? इंजिनात जळताना त्यात त्याच जातीची घातक द्रव्ये साठत जातात. हौशी माणूस फुकट म्हणून नेमके तेच घरी आणतो, आणि त्याचे बोळे खिशात ठेवतो.

कारखान्यातील मजुराला आज निदान कायदा आहे, निरीक्षक आहे. घरच्या कारागिराच्या पाठीशी कोणी नाही. मालक तोच, मजूर तोच, डॉक्टरही तोच. तेव्हा त्याने तेल निवडताना धातू कोणता हे विचारावे, कामाचा वेग किती हे विचारावे, आणि तिसरा प्रश्न आपल्या कातडीच्या वतीने विचारावा. डब्यावर लिहिलेले वाचावे, भिजलेला कपडा बदलावा, काम संपताच साबणाने हात धुवावेत. यात कसलेही नवे शास्त्र नाही. हे सारे पूर्वीच कळलेले आहे. ते आपल्या हातात उतरायला आणखी पंधरा वर्षे लागू नयेत, इतकेच.