पातळीचा प्रश्न : भोंग्यापासून घरगुती ध्वनिमुद्रणापर्यंत (इलेक्ट्रिक गिटारच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करताना इलेक्ट्रिक गिटारच्या संकेताची पातळी ऑडिओ इंटरफेसशी कशी जुळवावी, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. तथापि आवाज यंत्राशी जुळविण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर इतिहासात वेळोवेळी बदलले आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचा महाराष्ट्राच्या संदर्भात आढावा घेतला आहे.

भोंग्याचा काळ :
ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कोलकाता येथे भारतीय कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. त्या पद्धतीत आवाजाच्या दाबानेच सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरीत असे. आवाज वाढविण्याची वा उतरविण्याची सोय यंत्रात नव्हती. म्हणून गायकालाच भोंग्यापासूनचे अंतर सांभाळावे लागे. १९२५ मध्ये अमेरिकेत विद्युत ध्वनिमुद्रण व्यापारी स्वरूपात सुरू झाले. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे गायन या दोन्ही पद्धतींनी मुद्रित झालेले आढळते.

ध्वनिमुद्रकाचा काळ :
मायक्रोफोन आला आणि पातळीचे नियंत्रण ध्वनिमुद्रकाकडे गेले. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाच्या ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांनी वाहिली. पुढे मुंबईच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणात मोठा लौकिक मिळविला. ‘दम मारो दम’ (१९७१) या गीतातील भूपिंदर सिंग यांच्या गिटारसारखे वादन मुद्रित होई तेव्हा वादकाचे लक्ष सुरांवर आणि ध्वनिमुद्रकाचे लक्ष पातळीदर्शक काट्यावर असे. ही श्रमविभागणी त्या काळाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

इंटरफेसचा काळ :
२००० नंतर स्वस्त इंटरफेसमुळे स्टुडिओ घरात आला. शिरूर-दौंड परिसरातील इनामगावसारख्या गावातही असे ध्वनिमुद्रण आता शक्य आहे. मात्र शेजारी ध्वनिमुद्रक नसतो. गिटारच्या साध्या पिकअपमधून सामान्यतः काही दशांश व्होल्ट एवढाच संकेत निघतो, तर व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट असते. शिवाय सुमारे १० हजार ओहमच्या लाइन इनपुटला गिटार थेट जोडल्यास पिकअपवर भार पडून तीव्र स्वरांची झळाळी हरपते. वाद्यासाठी असलेल्या इनपुटचा रोध सुमारे १० लाख ओहम असतो, तो याच कारणासाठी. दुहेरी वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपचा संकेत बहुधा अधिक जोरकस असतो. त्यामुळे गिटार बदलताच गेनही नव्याने ठरवावा लागतो.

चुंबकीय फितीवर थोडा अतिरेक झाला तरी आवाज हळूहळू दबत असे. अंकीय पद्धतीत शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असून तिच्यापुढील लहर सरळ छाटली जाते, आवाज फाटतो आणि गमावलेला भाग मूळ रूपात परत मिळत नाही. म्हणून सर्वांत जोरकस आघात करून पाहावा व त्याचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवावा. २४ बिटच्या मुद्रणात खरखर वाढण्याची धास्ती न बाळगता एवढी मोकळी जागा सोडता येते.

समारोप :
पातळी सांभाळण्याचे काम गायकाकडून ध्वनिमुद्रकाकडे गेले आणि आता ते पुन्हा वादकाकडे आले आहे. यंत्र स्वस्त झाले, परंतु ध्वनिमुद्रकाचा अनुभवी कान यंत्रासोबत मिळत नाही. घरगुती ध्वनिमुद्रणातील सदोष पातळी ही केवळ वादकाची हयगय नसून एका लोपलेल्या श्रमविभागणीचाही परिणाम आहे. म्हणूनच संगीतशिक्षणात वादनाबरोबर पातळी ओळखण्याच्या अभ्यासालाही स्थान देणे आवश्यक ठरते.