उंबरठ्याच्या आतली शुश्रूषा

दिवाळी सरली की धाराशिव जिल्ह्यातील वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. संसाराची गाठोडी घेऊन कर्ती माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि बालाघाटाच्या माळावरील घरांत म्हातारी माणसे व शाळकरी मुले मागे उरतात. अशाच एखाद्या घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला बाप बार्शीच्या किंवा सोलापूरच्या रुग्णालयातून परत आणला जातो. नाकातून पोटात गेलेली नळी, खाटेला टांगलेली लघवीची पिशवी, पाठीवर उमटू लागलेला लाल चट्टा आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद, एवढे सारे त्याच्याबरोबर येते. काल-परवापर्यंत तीन पाळ्यांतील परिचारिका जे काम करीत होत्या, ते आता एकट्या सुनेच्या अथवा वाढत्या वयाच्या नातीच्या अंगावर पडते. त्या घरात मायेची वाण नसते. पण नळीतून पेज घालताना रुग्णाचे डोके किती वर घ्यावे, हे मायेला आपोआप कळत नाही. ते कुणीतरी शिकवावे लागते.

हे शिकवायचे कुणी, आणि जी शिकवणार तिला कुणी घडवायचे, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. त्याचा एक धागा थेट आपल्या ख्रिस्तसभेच्या घरातून निघतो, म्हणून तेथूनच आरंभ करू.

सन १६१७ च्या ऑगस्ट महिन्यातील एक रविवार. फ्रान्समधील शातियाँ या गावी संत व्हिन्सेंट दे पॉल मिस्सेची वस्त्रे परिधान करीत असताना त्यांना निरोप मिळाला की, गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत आणि पाणी द्यायलाही कुणी उभे नाही. त्यांनी प्रवचनात ही हकिकत सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या स्त्रियांची वाटेत रीघ लागलेली त्यांना दिसली. एका दिवसात एवढे अन्न जमले की ते नासून जावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उपासमार व्हावी! दया उदंड होती, पण तिला घडी नव्हती. हे ओळखून त्या संताने त्याच वर्षी स्त्रियांचा एक सेवासंघ उभारला आणि त्याला नियम घालून दिले. आजाऱ्यापाशी कसे जावे, ताट कसे मांडावे, त्याला आधी काय भरवावे, कुणाची पाळी केव्हा, इतक्या बारीकसारीक गोष्टी त्या नियमांत आहेत. करुणेला शिस्त लावणारा तो जणू पहिला पाठच होता.

पुढे १६३३ मध्ये संत लुईज द मारिलाक हिच्या साहाय्याने त्यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ स्थापन केला. त्या काळी धर्मभगिनी मठाच्या भिंतींआड राहत. या भगिनी मात्र गरिबांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करू लागल्या. त्यांच्यातली अग्रणी मार्गरित नासो ही गुरे राखणारी खेडवळ मुलगी. तिने गुरांमागे फिरताना वाटसरूंना विचारून विचारून अक्षरे गिरवली आणि मग इतर मुलींना शिकवले. प्लेगच्या एका रुग्णेला आपल्या अंथरुणात जागा दिली आणि त्याच रोगाने तिचा अंत झाला. शिकलेल्या, कुलीन स्त्रियांच्या आधी एका गुराखी मुलीने हा मार्ग चोखाळला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्या भगिनी आपल्याला पुढे जामखेडला भेटणार आहेत.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८५९ मध्ये, इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याच्या पत्नीचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने घरी येऊन तिची शुश्रूषा केली होती. पैसा असूनही आपल्याला या कुशल हातांचा एवढा आधार वाटला, तर गरिबांच्या खोल्यांत काय होत असेल, या विचाराने रॅथबोनने त्याच बाईंना गरीब वस्तीतील आजाऱ्यांसाठी नेमले. तेथील दैन्य पाहून प्रथम त्या खचल्या. पण टिकून राहिल्या आणि फरक दिसू लागला. अशा परिचारिका आणखी मिळेनात, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने १८६२ मध्ये त्यांच्यासाठी शाळाच काढावी लागली. घरी जाणाऱ्या परिचारिकेचे शिक्षण इस्पितळातील परिचारिकेपेक्षा कमी असून भागत नाही, कारण तिच्या हाकेच्या अंतरावर डॉक्टर नसतो, हा धडा तेथे मिळाला.

आपल्या देशात शुश्रूषेचे शिक्षण आले ते मुख्यत्वे इस्पितळांच्या आश्रयाने, आणि पुष्कळसे मिशनरी इस्पितळांतून. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि परिचारिका वॉर्डात राहिली; ती गावाच्या उंबरठ्यापर्यंत क्वचितच पोहोचली. आणि होत्या तरी किती? नाशिकमध्ये जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका, असे हिशेब मांडले आहेत. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तेथील खेड्यांनी परिचारिकेचे तोंडही पाहिले नसले तर नवल नाही.

या पार्श्वभूमीवर वाशीच्या शेजारी काय घडले ते पाहू. भूम ओलांडून खर्ड्यावरून पश्चिमेला गेले की जामखेड लागते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तेथे आले. इस्पितळाच्या दारी बरे होऊन गेलेला रुग्ण तोच आजार घेऊन पुन्हा येतो, हे त्यांनी आधीच्या नोकरीत अनुभवले होते. म्हणून खेड्यातच आरोग्य रुजवायचे, असा त्यांचा निश्चय होता. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिका-सुईणींना गावागावांत राहायला पाठवले. तो प्रयत्न फसला. परगावाहून आलेली तरुण मुलगी. तिला एकटीने राहण्याची धास्ती, आणि गावाला तिच्याविषयी परकेपणा. तेव्हा गावानेच निवडलेली, गावातच नांदणारी प्रौढ स्त्री शिकवून तयार करावी, असा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या.

या स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडला जमत. जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत, एकत्र निजत, आणि गेल्या खेपेस शिकलेले गावात कसे वापरले ते सांगत. एका वेळी थोडेच शिकायचे, ते करून पाहायचे आणि परत येऊन त्याचा पडताळा घ्यायचा, ही रीत होती. बधिर चट्टा ओळखून कुष्ठरोग्याला उपचारांवर आणणे, त्याच्या जखमांची निगा राखणे, क्षयरोग्याच्या गोळ्या चुकू न देणे, अवघड बाळंतपण वेळीच ओळखणे, ही सारी जोखमीची कामे त्या करू लागल्या. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता घरीच ठेवून बरे करता येते, हे त्यांनी दाखवले. परिचारिकांचे महत्त्व यात घटले नाही, पालटले. त्या फिरत्या पथकाबरोबर गावोगाव जाऊन या स्त्रियांच्या शिक्षिका आणि पाठीराख्या झाल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत जामखेडच्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. छताची झुंबरे देखणी असली तरी महाग असतात, पण आपल्या हातातील साधा दिवा दुसरा दिवा पेटवू शकतो, अशा अर्थाचे त्या बोलल्या आणि सारे सभागृह उभे राहिले.

जामखेडनंतर आणखी अवघड परीक्षा झाली ती गडचिरोलीत. महिन्याच्या आतले आजारी बाळ हा वैद्यकातील सर्वांत नाजूक रुग्ण. त्याची जागा इस्पितळातच, असा सर्वमान्य समज. पण तेथील आईबाप बाळाला इस्पितळात नेत नसत, नेऊ शकत नसत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन व ताप बघणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, उबेची पिशवी वापरणे, आणि जंतुदोषाची ठरावीक लक्षणे दिसल्यास इंजेक्शन देणे हे त्या शिकल्या. वरचेवर येऊन नोंदी तपासणारा पर्यवेक्षक त्यांच्या मागे होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

धाराशिव जिल्हाही या कामात मागे नव्हता. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. मदतीचे ट्रक आले आणि गेले. पण भूकंपाने जायबंदी केलेल्या माणसाला शुश्रूषा लागते ती ट्रक निघून गेल्यानंतर, वर्षानुवर्षे. अशा वेळी गावात राहणाऱ्या जाणत्या स्त्रीचे मोल कळते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत जे साधले, ते अंथरुणाला खिळलेल्या प्रौढाच्या बाबतीत साधेल काय? केरळने त्याचे उत्तर दिले आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती आवेदना सदन’ हे असाध्य कर्करुग्णांसाठीचे देशातील पहिले आश्रयगृह उघडले. पण अशी सदने पुरणार किती? १९९३ मध्ये कालिकतला, म्हणजे कोझिकोडला, वेदनामुक्तीचे काम करणारी संस्था निघाली. १९९९ पासून मलप्पुरमकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच रुग्णांचा भार वाटून घेण्याची चळवळ वाढली. आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरण जाहीर केले. तेथे खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका घरोघरी जाते. लघवीची नळी बदलणे, शय्याव्रण धुणे, मॉर्फिनच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणे ही तिची कामे; पण घरच्यांना शिकवणे हे तिचे सर्वांत मोठे काम.

काय शिकवते ती? दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी. नळीतून भरवण्याआधी नळी जागेवर आहे ना ते पाहावे. डोके व छाती उंच करून भरवावे आणि नंतरही अर्धा तास तसेच ठेवावे, म्हणजे अन्न श्वासनळीत जात नाही. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहावी, पण जमिनीला टेकू नये. प्रत्येक कामाआधी साबणाने हात धुवावेत. ताप, धाप, लघवी बंद होणे, अचानक आलेली गुंगी ही लक्षणे दिसताच कुणाला कळवायचे ते ठरलेले असावे. आणि हे सारे सांगून संपत नाही. करून दाखवायचे, मग सुनेच्या हातून करवून घ्यायचे, आणि आठवड्याने पुन्हा येऊन पाहायचे. वॉर्डात उत्तम काम करणाऱ्या परिचारिकेलाही ही शिक्षिकेची कला वेगळी शिकावी लागते. तिथे पलंग तिचा असतो; इथे ती पाहुणी असते. चूल कुठे, पाणी कुठून येते, घरात शब्द कुणाचा चालतो, हे पाहून तिला आपले शास्त्र त्या घराच्या मापाने बेतावे लागते.

वाशी तालुका औरंगाबाद धर्मप्रांताच्या परिसरात मोडतो. तेथे आपली घरे विरळ आहेत. पण दुखणेकरी कोणत्या धर्माचा, हे शातियाँच्या वाटेवर कुणी विचारले नव्हते. आपल्या धर्मग्रामांत, मग ते वसईचे असो वा मराठवाड्याचे, निवृत्त परिचारिका आहेत, परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुली आहेत. मिस्सेनंतर आपण आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना करतो. त्या यादीतील एका घरी एका जाणत्या परिचारिकेने जाऊन दोन माणसे शिकवली, तर ती प्रार्थना उंबरठा ओलांडून आत जाईल.

संत लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणूस आपण दयेचा आदर्श म्हणून ऐकत आलो. त्याने काय काय केले ते पुन्हा पाहावे. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, म्हणजे त्याला ते येत होते. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, एक रात्र स्वतः सांभाळले, मग ते काम उतारशाळेच्या रखवालदाराकडे सोपवले आणि खर्चाची तजवीज केली. शेवटी त्याने परत येण्याचा शब्द दिला. शुश्रूषेच्या शाळेतला सर्वांत अवघड धडा हा शेवटचाच आहे. वाशीच्या त्या घरातील सून आज त्याच शब्दाची वाट पाहत आहे.