पाखरांची राखण : सोलापूरच्या शिवारातला आवाज आणि त्याचे नियम

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारी पाखरांपासून वाचवण्याचे मुख्य साधन पिढ्यान्‌पिढ्या आवाज हेच राहिले आहे. गोफणीचा फटका, पत्र्याच्या डब्याचा खडखडाट आणि माळ्यावरून दिलेली हाळी, एवढ्यावर शाळूचे, म्हणजे याच रब्बी ज्वारीचे, कणीस खळ्यापर्यंत पोचत असे. आज या आवाजाची जागा बॅटरीवरच्या भोंग्याने, फटाक्याने आणि कार्बाइडच्या बंदुकीने घेतली आहे. त्याच काळात शेत आणि घर यांतले अंतर कमी झाले. शिवारातला आवाज किती, केव्हा आणि कुठवर चालावा, हा प्रश्न या दोन बदलांतून उभा राहिला.

जिल्ह्याची काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन रब्बी ज्वारीला मानवते. मंगळवेढ्याचे नाव ज्वारीचे कोठार म्हणून घेतले जाते आणि तिथल्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याच स्थानिक मालदांडीतून १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण पुढे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरडवाहू पट्ट्यात घरोघरी पोचला. मोत्यासारखा पांढरा, गोडसर, टपोरा दाणा हे त्याचे वैशिष्ट्य, आणि पाखरांनाही हाच दाणा आवडतो. तांबड्या, तुरट दाण्याच्या ज्वारीला पाखरे कमी शिवतात, पण भाकरीसाठी पांढरी ज्वारी हवी असणाऱ्या मुलखात तो मार्ग कधीच चालण्यासारखा नव्हता. चव राखायची तर पीकही राखावे लागते.

पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत होते. डिसेंबरात पीक निसवते, दाणा दुधात येतो, मग हुरड्याला येतो आणि फेब्रुवारीत काढणी सुरू होते. दाणा दुधात आल्यापासून तो टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे सर्वांत धोक्याचे. अक्कलकोट, बार्शी, दक्षिण सोलापूर या भागांत येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सारे घर शेतावर जाते, कडब्याची कोप करून पूजा मांडते आणि शिवारात आंबील शिंपून चर शिंपण्याचा विधी करते. राखणीचे खरे दिवसही याच सुमारास सुरू होतात.

चिमण्या, मुनिया, सुगरण, राघू, साळुंक्या, होले हे कायमचे वाटेकरी. त्यांच्यात हिवाळ्यात भोरड्यांची भर पडते. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येतात, हजारोंच्या थव्याने उतरतात आणि संध्याकाळी बाभळींवर किंवा उसाच्या फडात रात्रीचा थारा धरतात. भोरडी नुसती दाणा खाणारी नाही, टोळ आणि नाकतोडे हेही तिचे मोठे खाद्य आहे. त्यामुळे ती पिकाची निव्वळ शत्रू ठरत नाही. मात्र दुधातल्या कणसावर थवा उतरला, की शेतकऱ्याला हा हिशेब मांडायला उसंत मिळत नाही.

राखणीसाठी शेताच्या मध्यावर माळा घालत. चार मेढी रोवून, वर आडव्या फांद्या आणि कडबा अंथरून पुरुषभर किंवा त्याहून उंच बैठक केली, की उभ्या पिकाच्या वरून सारे शिवार नजरेखाली येई. माळ्यावरचे मुख्य हत्यार गोफण. सुती किंवा अंबाडीच्या दोरीची ही गोफण घरीच विणली जाई. तिची एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत धरलेली आणि मधल्या विणलेल्या पट्टीत दगड किंवा वाळवलेला मातीचा गोळा. गरगर फिरवून चिमटीतली दोरी सोडली की गोळा थव्याच्या दिशेने सुटे. त्या मोकळ्या दोरीच्या टोकाला घायपाताच्या तंतूंचा गोंडा बांधला, की सुटताना आसुडासारखा कडाका उठतो. सराईत राखणदार पुष्कळदा गोळा न घालताच नुसता फटका काढी. पाखराला मारण्याची गरज नव्हती, त्याला उठवले की काम भागत होते. शिवाय भरल्या कणसांवर दगड घालणे म्हणजे स्वतःच्याच पिकाचे नुकसान.

डबा, थाळी आणि कंठातली लांब हाळी यांचाही तितकाच वापर होता. एका माळ्यावरून उठवलेला थवा शेजारच्या शेतात उतरे, तिथला राखणदार त्याला पुढे हाकली. त्यामुळे राखण एकट्या शेताची असून चालत नसे, साऱ्या शिवाराने एकाच वेळी जागे राहावे लागे. आगाप पेरलेले किंवा एकाकी शेत सर्वांत जास्त खाल्ले जाते आणि शिवार एकदम निसवले तर नुकसान वाटले जाते, हा अनुभव पेरणीची वेळ ठरवण्यापर्यंत पोचलेला होता. माणूस माळ्यावर, बुजगावणे बांधावर, अशी विभागणी असे. बुजगावण्याचा उपयोग थोडे दिवसच होतो, कारण न हलणाऱ्या वस्तूला पाखरे लवकर ओळखतात.

हे काम मुख्यतः बायका, म्हातारी माणसे आणि मुले यांच्याकडे असे. त्याची परंपरा फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात उसाच्या सावलीत बसून साळीचे शेत राखणाऱ्या स्त्रिया रघूचे यश गातात. महाराष्ट्रात या कामाची सर्वांत परिचित कथा तुकोबांची आहे. संतचरित्रकार महिपतीने सांगितल्याप्रमाणे एका शेतकऱ्याने त्यांना धान्याच्या बोलीवर राखणीला बसवले, त्यांनी पाखरांना हाकलले नाही, शेतकऱ्याने तक्रार केली आणि तरीही त्या शेतातून अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त धान्य निघाले. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी तिच्यातून स्पष्ट दिसतात. राखण हे मजुरीचे, ठरावाचे काम होते, आणि पाखराचाही पिकात वाटा आहे ही भावना शेतकरी समाजात खोल रुजलेली होती. सुगीनंतर काही कणसे देवळात किंवा घराच्या वळचणीला चिमण्यांसाठी टांगण्याची रीत त्याच भावनेतली.

या राखणीवर कुठलाही लेखी नियम नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही. आवाज काढणारा माणूस पाखरे आली तरच आवाज काढी, दुपारी पाखरे झाडावर विसावली की तोही विसावे, अंधार पडला की दिवसाची राखण संपे आणि रात्रीच्या जागलीचे वेगळे काम सुरू होई. हाताला आणि कंठाला थकवा असतो, हीच त्या आवाजाची मर्यादा होती. गावठाण एका जागी आणि शेते भोवताली असल्याने राखणीचा गलका घरांपर्यंत क्वचितच पोचे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी विस्कटली. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेच्या पाण्यावर ऊस पसरला. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे द्राक्षवाण पुढे आणले, डाळिंबाने माळरान व्यापले आणि २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आले. बागायतीबरोबर बुलबुल, साळुंक्या आणि वटवाघळे यांचा उपद्रव वाढला, कारण मण्यात पाणी उतरल्यावर चोच लागलेला एक मणीही सारा घड नासवू शकतो. उलट ज्वारी जिथे तुरळक राहिली, तिथे साऱ्या परिसरातली पाखरे त्या एकट्या तुकड्यावर तुटून पडू लागली.

माळ्यावर बसणारी माणसेही उरली नाहीत. मुले शाळेत गेली, आणि हे चांगलेच झाले. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सहा वर्षांची मुले दिवसभर कावळे हाकायला ठेवत. त्यांतलाच एक, जॉर्ज एडवर्ड्झ, पुढे शेतमजुरांचा पुढारी आणि खासदार झाला आणि १९२२ च्या आत्मचरित्राच्या शीर्षकातच त्याने कावळे हाकण्याचा उल्लेख केला. भारतात बालमजुरीविरोधी कायदा १९८६चा आणि शिक्षणहक्काचा २००९चा. मुले मोकळी झाली, मजुरी वाढली, तीन-चार आठवडे पूर्ण दिवस बसणारा माणूस छोट्या शेतकऱ्याला परवडेना. पाखरे मारण्याचा मार्ग १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतांश प्रजातींसाठी बंद केला होता. राहिला तो यंत्राचा आवाज.

सुरुवातीची यंत्रे साधी होती. वाऱ्यावर फिरणारा पंखा आणि त्याच्या पात्याने वाजणारी ताटली, किंवा वाऱ्यात घुमणारी जुन्या कॅसेटची फीत. मग दिवाळीतले सुतळी बॉम्ब आले. त्यानंतर मेमरी कार्डावर माणसाची हाळी, कुत्र्याचे भुंकणे किंवा भोंग्याचा कर्कश सूर भरून तो दिवसभर वाजवणारे बॅटरीचे आणि सौर पॅनेलचे कर्णे आले. सर्वांत घातक साधन म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीची कार्बाइड बंदूक. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. या रसायनाची साठवण आणि विक्री १९८७च्या नियमांखाली येते, फळे पिकवण्यासाठी तर ते वापरायलाच बंदी आहे. तरी घरगुती बंदुका बनत राहिल्या. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि तिथल्या सरकारला बंदी घालावी लागली.

इकडे वस्ती शेताकडे सरकत होती. सोलापूर महापालिका १९६४ची. १९९२च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव अशी गावे शिवारासकट शहरात आली आणि ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द सोलापुरी बोलण्यात कायमचा बसला. बिगरशेती झालेल्या गटात घरकुले आणि सोसायट्या उभ्या राहिल्या, शेजारच्या गटात मात्र ज्वारी किंवा द्राक्षबाग तशीच राहिली. खेड्यांतही कुटुंबे गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहायला गेली. पाखरे चरायला येतात सूर्योदयापासून नऊ-दहापर्यंत आणि पुन्हा दिवस कलताना, म्हणजे भोंगा नेमका आजारी माणसाच्या झोपेच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी वाजतो. शेतकऱ्याचे वर्षाचे पीक आणि शेजाऱ्याची शांतता, दोन्ही मागण्या रास्त आहेत.

कायद्याची चौकट मात्र शहर डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा आणि त्याखालचे ध्वनिप्रदूषण नियम २०००चे. या नियमांत क्षेत्रे चारच आहेत. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरला जातो. शेतजमीन या चारांत कुठेच नाही. शिवाय या मर्यादा ठरावीक काळातल्या सरासरी पातळीच्या आहेत. दर काही मिनिटांनी होणारा क्षणभराचा धडाका त्या सरासरीत विरून जाऊ शकतो, पण झोप मोडायला तो एकटाच पुरतो. फटाक्यांसाठी फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलची वेगळी मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाच्या फटाक्यांना मनाई आहे. कार्बाइडची घरगुती बंदूक मात्र प्रमाणित फटाकाही नाही आणि परवान्याचे शस्त्रही नाही.

त्यामुळे तक्रारदाराला आडवाटेने जावे लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३८व्या कलमाने त्रासदायक आवाज थांबवण्याचा अधिकार पोलिसांकडे आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश दंडाधिकारी काढू शकतात. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३व्या कलमात होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२व्या कलमात आहे. या दोन्ही वाटा भांडण झाल्यानंतरच्या आहेत. भोंगा लावण्याआधी शेतकऱ्याने काय पाळावे, हे त्यांतून कळत नाही.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. नान्नजच्या माळरानासाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते आणि त्यात गावे, शेते, रस्ते सारे होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. वन्यजीव कायद्याच्या ३२व्या कलमानुसार अभयारण्यात वन्यजीवांना इजा होईल अशी रसायने आणि स्फोटके वापरता येत नाहीत. म्हणजे ज्या गावाने द्राक्षाचे नवे वाण दिले, त्याच गावाच्या परिसरात पाखरांवर बार उडवणे सर्वांत गैर ठरते. माळढोक हा बुजरा, जमिनीवर घरटे करणारा आणि आज अत्यंत दुर्मीळ झालेला पक्षी आहे. त्याच्या शेजारी स्फोटाला जागा असूच शकत नाही.

यंत्र लावण्याआधी काय पाळावे, याचा एक नमुना ब्रिटनमध्ये आहे. तिथे १९९०च्या पर्यावरण कायद्याने पाखरे हाकणाऱ्या यंत्राचा आवाज उपद्रव ठरवता येतो. त्याच्या जोडीला तिथल्या शेतकरी संघटनेने स्वतःच आचारसंहिता केली. यंत्र घरांपासून किमान २०० मीटर दूर ठेवावे, तोंड वस्तीकडे नसावे, तासाला चारपेक्षा जास्त बार नकोत आणि सूर्यास्तानंतर ते बंद असावे, अशा तिच्या सूचना आहेत. बारांची संख्या कमी ठेवण्यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. ठरावीक अंतराने, एकाच जागेवरून येणाऱ्या आवाजाला पाखरे काही दिवसांतच सरावतात. जागा बदलली, वेळ अनियमित ठेवली आणि अधूनमधून माणूस दिसला तरच धाक टिकतो. माळ्यावरच्या राखणदाराकडून हे सारे आपसूक होत असे.

बिनआवाजाचे उपायही शिवारात आलेले आहेत. द्राक्षावर नायलॉनची जाळी, डाळिंबावर उन्हासाठी घातलेले आच्छादन किंवा जुन्या साड्या आणि ज्वारीवर चकाकणारी फीत. जाळी सर्वांत खात्रीची, पण तिचा खर्च महाग बागेला झेपतो, एकरभर कोरडवाहू शाळूला नाही. म्हणून वस्तीलगतच्या बागांना जाळीसाठी आणि ज्वारीला फितीसाठी मदत देणे, कार्बाइडच्या बंदुकीला पूर्ण मनाई करणे आणि भोंग्याचे अंतर, दिशा, वेळ व संख्या ग्रामसभेत ठरवून ती सुगीआधी जाहीर करणे, एवढे तरी सोलापूर जिल्ह्यात व्हायला हवे. २०००च्या नियमांत शेतीचे पाचवे क्षेत्र घालणे हे केंद्र सरकारचे काम आहे.