फुकट आणि मोकळं: मराठी फॉन्टच्या कुलुपाची गोष्ट

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ज्यांनी हा एपिसोड ऐकला, त्यांना सगळं माहितीच आहे. ज्यांना वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी तोच इथे लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत, बाकी तसंच आहे.

सुरुवात घरापासून करतो. माझं आजोळ मारुंजी, आणि आता नोकरीमुळे मी राहतोही मारुंजीतच. माझ्या मामाचं नव्वदच्या दशकात डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, जत्रेच्या पावत्या असली कामं. १९९९ मध्ये मामाने आजोबांची वही टाइप करून ठेवली. आजोबांनी गावाबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आठवणी होत्या त्या. पुढे घर बदललं, मूळ वही कुठे गेली कुणालाच माहीत नाही. आजोबाही गेले. उरली ती एक फाइल, जुन्या हार्ड डिस्कवर.

मागच्या दिवाळीत मामा म्हणाला, "तू एवढा बीटेक झालास, बघ जरा उघडते का."

फाइल उघडली. आत होतं काय, तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेले युरोपातले स्वर. मराठीचं एकही अक्षर नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाइप केली होती ते आता मामाकडे नाही. त्याच्यासोबत प्रिंटर पोर्टला लावायचं एक हार्डवेअर लॉक यायचं, तेही हरवलंय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नव्हताच. तो काळच तसा होता. तो तसा का होता, हा आजचा विषय.

आता थोडं मागे जाऊ. तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एकूण २५६ खाने. त्यातले पहिले १२८ इंग्रजीने आणि कंट्रोल कोडांनी आधीच अडवलेले. उरलेल्यांत आपली बाराखडी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, सगळं बसवायचं कसं?

यावर दोन उत्तरं निघाली. पहिलं उत्तर शहाणपणाचं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान. सीडॅकची स्थापना १९८८ ची. इथला विचार असा, की फाइलमध्ये अक्षर साठवायचं, त्याचा आकार नाही. 'क', हलन्त, 'ष' एवढंच लिहून ठेवा, 'क्ष' कसा दिसायचा ते मशीन बघेल. त्यासाठी सुरुवातीला पीसीत एक वेगळं कार्डच बसवावं लागायचं. याच विचारातून इस्की नावाचा कोड आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस १३१९४ म्हणून मंजूर केला. म्हणजे बघा, सगळ्यांसाठी एकच खुलं मानक आपल्याकडे तेव्हाच होतं.

दुसरं उत्तर जुगाडाचं होतं. विंडोजला मराठी कळत नाही ना? मग सांगूच नका तिला. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे काढलेला फॉन्ट बनवा. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी दाखवतोय, माणसाला दिसते मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, खुद्द सीडॅकचे सुरेख, योगेश वगैरे फॉन्ट, शिवाजी, किरण. प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्या खान्यात 'म' तर दुसऱ्याच्या त्याच खान्यात भलतंच काही. छपाईपुरतं हे झकास चाललं. कागदावर 'म' उमटला की झालं, आत कोणता आकडा आहे कोण बघतंय?

जिंकलं ते जुगाडाचं उत्तर. कारण ते विंडोजवर लगेच चालायचं आणि दुकानदाराला उद्या पत्रिका द्यायची असायची.

इथे लोक मला म्हणतात, "मग या कंपन्यांनी मराठीला ओलीस धरलं ना!" मला हे मान्य नाही. त्या नसत्या तर तेव्हा मराठी टाइपच झाली नसती. अक्षरं काढायला कलाकार लागतात आणि त्यांचे पगार असतात. आणि हार्डवेअर लॉक का आलं? कारण आपण सगळे कॉप्या मारत होतो. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६३-बी आलं. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. कागदावर कडक, पण गल्लीतल्या दुकानात कोण विचारतो?

गंमत म्हणजे चोरीने कुलूप उघडलं नाही, उलट घट्ट केलं. फुकटात मिळालेला फॉन्ट जितक्या दुकानांत गेला, तितक्या जास्त फाइली त्याच्याच खासगी मांडणीत तयार झाल्या. दुकानदाराला वाटलं फुकट मिळालं. फुकट मिळालं खरं, पण मोकळं नव्हतं. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' म्हणतात आणि मग तासन् तास समजावत बसतात. आपल्याला ती अडचण नाही, तरी आपण फसलो.

आता कायद्याकडे. (मी वकील नाही. कायदा वाचायची हौस असलेला इंजिनीअर आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.) आजोबांच्या त्या फाइलवर मालकी कोणाची? तीन थर सुटे करून बघू.

पहिला थर, अक्षराचा आकार. 'म' कसा वळतो, त्याची गाठ कशी. २००२ मध्ये 'आनंदा एक्स्पांडेड इटॅलिक्स' या टाइपफेसच्या प्रकरणात कॉपीराइट बोर्डाने टाइपफेसला कॉपीराइट नाकारला. आकाराचं संरक्षण हवं असेल तर डिझाइन कायद्याखाली नोंदणी करता येते, पण ती मोजक्या वर्षांपुरती.

दुसरा थर, फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर. हे कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये येतं आणि १९८४ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे प्रोग्रॅम म्हणजे 'साहित्यकृती'. हो, आपला कोड कायद्याच्या नजरेत कादंबरीच्या रांगेत बसतो! लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट. म्हणजे १९९९ चं सॉफ्टवेअर मोकळं होईपर्यंत आपण कुणी नसू.

तिसरा थर, मजकूर. तो आजोबांचा, आणि त्यांच्यानंतर वारसांचा. यात शंकाच नाही.

आता गंमत बघा. मजकूर आमचा, डिस्क आमची, फाइल आमची. पण कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हा तक्ता मात्र दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या पोटात. घर तुमचं, सातबारा तुमच्या नावावर आणि किल्ली भाडेकरूकडे, असा प्रकार. हा तक्ता जाहीर करा असं कंपनीला सांगणारा कायदा नव्हता. इस्कीचं मानक होतं, पण ते वापराच अशी सक्ती दुकानावर नव्हती.

एक खिडकी मात्र कायद्याने ठेवली. १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये भर पडली. तुमच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीर असेल आणि दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करणं हा भंग नाही. हे कलम आपल्या कॉलेजांत शिकवत का नाहीत, मला कळत नाही. जुन्या फॉन्टमधून नव्यात नेणारे जे कन्व्हर्टर आपण वापरतो, त्यांच्यामागचा विचार हाच आहे.

मग कुलूप उघडलं कसं? हळूहळू, तीन-चार ठिकाणांहून.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिची देवनागरी मांडणी इस्कीवरच बेतलेली. म्हणजे आपलं हरलेलं शहाणं उत्तर जगाच्या मानकात जाऊन बसलं आणि तिकडून परत आलं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती मंगल या फॉन्टसोबत. तो काढला आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी. एक्सपीच्या काळात मात्र मराठीसाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागायची आणि मग मशीन विंडोजची सीडी मागायचं. ती सीडी शोधण्यात कितीजणांचे रविवार गेलेत!

पण मंगलचंही तेच. फुकट होता, मोकळा नव्हता. विंडोजसोबत मिळायचा, पण उचलून लिनक्सवर वाटायचा हक्क तुम्हाला नव्हता.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. रेड हॅटने 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएल लायसन्सखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, टोपीच्या रंगाचा. हे फॉन्ट रेड हॅटला पुरवले कोणी? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. तेच, श्री-लिपीवाले! एकाच कंपनीच्या अक्षरांचा एक संच कुलपात आणि दुसरा मोकळा. फरक कलाकारांत नव्हता, लायसन्समध्ये होता.

२०११ मध्ये लोहित जीपीएलमधून ओपन फॉन्ट लायसन्समध्ये गेला. कारण साधं. जीपीएल कोडसाठी लिहिलेलं. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड केला तर ती पीडीएफही जीपीएल होते का, असले प्रश्न निघायचे. ओपन फॉन्ट लायसन्स सरळ सांगतं: वापरा, एम्बेड करा, बदला, वाटा, फक्त फॉन्ट एकटाच विकू नका. आणि बदलायची मुभा म्हणजे पोकळ तत्त्व नव्हे. मराठी 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे दिसतात ना? मोकळ्या फॉन्टमधून मराठी वळणाचा 'लोहित मराठी' वेगळा काढता आला. कुणाच्या दारात अर्ज करावा लागला नाही. आज तुमच्या अँड्रॉइड फोनवरचा नोटो असो की मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, दोन्ही याच लायसन्सखाली आहेत.

मानकातही दुरुस्त्या होत राहिल्या. तुम्ही रोज 'ॲप' लिहिता, त्यातला 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चिकटवून भागवावं लागायचं. मानक खुलं असलं की आपलं राहिलेलं अक्षर मागता येतं, हा मुद्दा. खासगी तक्त्यात मागणार कोणाकडे? २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक ठरवलं. इस्कीनंतर १८ वर्षांनी! या १८ वर्षांत किती ग्रामपंचायतींचे ठराव, किती दिवाळी अंक, किती आजोबांच्या वह्या त्या खासगी मांडण्यांत गेल्या असतील, विचार करा.

माझं ठाम मत असं, की लायसन्सबद्दल बोलताना आपण किंमत बघतो आणि तिथेच चुकतो. विचारायचा प्रश्न एकच: ही कंपनी उद्या नसली, तर माझं मीच लिहिलेलं मला वाचता येईल का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल पैसे मोजा, मीही मोजतो. 'नाही' असेल तर फुकटसुद्धा महाग आहे.

हे जुनं झालं असं समजू नका. आज एआय मॉडेलांवर 'ओपन'चा शिक्का सर्रास मारला जातो. मेटाने जुलै २०२३ मध्ये लामा २ दिलं, त्याच्या लायसन्सात ७० कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी लागते आणि वापरावर इतरही अटी आहेत. त्यांचं मॉडेल, त्यांच्या अटी, हरकत नाही. पण त्याला ओपन सोर्स म्हणू नका. फुकट म्हणा. मराठीसाठी टायपिंग, आवाज, भाषांतर असं जे काही आता बांधलं जातंय, त्याचं लायसन्स आत्ताच वाचलं नाही तर २०५० मध्ये एखादी भाची अशीच जुनी फाइल घेऊन बसेल.

बरं, आजोबांच्या फाइलचं काय झालं?

मामाच्या कपाटात १९९९ ची एक लग्नपत्रिका सापडली, त्याच फॉन्टमधली, आणि डिस्कवर तिची फाइलही होती. कागदावर अक्षर, फाइलमध्ये आकडा. दोन्ही शेजारी ठेवून तक्ता बनवत गेलो. चार रविवार लागले. अक्षरं जुळली तरी ऱ्हस्व वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटायची आणि रफार पुढच्या अक्षरावर जायचा, कारण जुन्या फाइलीत वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो. क्रम फिरवणारा कोड लिहिला. पत्रिकेत न आलेली अक्षरं मामाने अंदाजाने सांगितली.

तिसऱ्या पानावर आजोबांनी आमच्या वावरांची नावं लिहिली होती. जांभळीचं वावर, खळ्याची पट्टी, म्हसोबाचा तुकडा. कुठून कुठपर्यंत, तेही. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांची नावं इंग्रजी. मामाने फोनवर ते पान मोठं करून वाचलं आणि म्हणाला, "म्हसोबाचा तुकडा मी पार विसरलो होतो रे."

ती फाइल आता युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्टमध्ये ठेवलीय. कोणत्याही फोनवर उघडते. तुमच्या घरी, दुकानात, पतसंस्थेत अशी एखादी जुनी डिस्क पडली असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत टाकून देऊ नका. आधी उघडून बघा. आणि टाइप करणारा माणूस अजून आहे तोवर त्याला शेजारी बसवा, कारण निम्मा तक्ता त्याच्याच डोक्यात असतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि ट्रॅफिकमध्ये हॉर्न कमी वाजवा!