ओल्या फडक्याचा प्रयोग : नांदेड-लातूर रस्त्यावरची फियाट

कागदोपत्री नाव प्रीमियर पद्मिनी असलं तरी मराठवाड्यात ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. तिच्या इंजिनाचे आकडे बघा : १०८९ सीसी, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. इटलीत १९३७ साली आलेल्या फियाट ५०८ सी या गाडीचेही हेच आकडे आहेत. त्याच घराण्याच्या इंजिनावर महायुद्धानंतर तुरीन शहरात 'सिसितालिया' नावाच्या स्पोर्ट्स कार बांधल्या गेल्या. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुवोलारी सिसितालियातून दुसरे आले. तिचंच २०२ हे मॉडेल १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात होतं. थोडक्यात, अहमदपूरच्या स्टँडजवळ बॉनेट उघडून उभ्या असणाऱ्या फियाटचं खानदान तसं मोठं.

आपल्याकडे हे इंजिन आलं ते कुर्ल्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे तिथे फियाट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. उत्पादन थांबलं ते २००० च्या सुमारास. परवान्यांच्या काळात गिऱ्हाईक नंबर लावून वाट बघत असे, त्यामुळे गाडी बदलायची घाई कंपनीला नव्हती. पेट्रोल इंजिन मुळात तेच राहिलं आणि त्याच्या खोडीही राहिल्या. त्यावरचे इलाज शोधले ते गाडी चालवणाऱ्यांनी आणि उस्तादांनी. यातला एकच इलाज आज घेऊ, कारण संशोधनाला लागणाऱ्यांसाठी त्यात बरंच काही आहे.

नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, गोदावरीच्या खोऱ्यात. लातूर बालाघाटच्या पठारावर, ६३० मीटरच्या आसपास. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाताना गाडी एकूण चढतच जाते. मे महिन्यात दुपारी सावलीत ४२-४३ अंश. अशा वेळी फियाट आधी आचके देते, मग बंद पडते. गंमत म्हणजे पुष्कळदा ती चालताना बंद पडत नाही. चहाला थांबून परत निघालं की सुरूच होत नाही! इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरते, म्हणून.

फियाटची टाकी मागे, पेट्रोल पंप पुढे इंजिनालाच चिकटलेला. पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, मागून पेट्रोल ओढतो. ओढायचं म्हणजे नळीतला दाब कमी करायचा आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानालाच उकळतो. पेट्रोल हे मिश्रण. त्यातले हलके घटक आधी वाफ होतात. वाफ दाबली जाते, ताणली जाते. डायफ्राम हलत राहतो, पण कार्बोरेटरकडे पेट्रोल जात नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. बोलीत 'पेट्रोल गॅस झालं' किंवा 'एअर धरली'. दुसरा शब्द शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, कारण आत असते ती पेट्रोलचीच वाफ. काम मात्र दोन्हींनी भागतं.

इलाज : पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. वाटेत पाणी मारत राहायचं. हे मराठवाड्यात इतकं चांगलं चालतं ते इथल्या कोरड्या हवेमुळे. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाला बाष्पीभवनाने मिळणारी थंडाईची मर्यादा २२-२३ अंशांपर्यंत खाली जाते. पंप इंजिनाला टेकलेला, त्यामुळे तो इतका गार होणार नाही, पण वाफ परत द्रव व्हायला जेवढं लागतं तेवढं होतं. मुंबईच्या दमट हवेत तेच फडकं बरंच कमी कामाचं.

आता खरा मुद्दा. गाडी गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने गार झाली की चालू. हे लक्षण व्हेपर लॉकचं आहे आणि तापल्यावर दगा देणाऱ्या कॉइलचं किंवा कंडेन्सरचंही आहे. नुसतं थांबलात तर दोन्ही बिघाड 'बरे' होतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. वाट बघणे हा इथे निरुपयोगी प्रयोग आहे. फडकं मात्र फक्त पंप गार करतं. कॉइल, कंडेन्सर तापलेलेच राहतात. लगेच गाडी लागली तर दोष पेट्रोलच्या वाटेवर. नाही लागली तर करंट बघायचा : ठिणगी जाड निळी की मरतुकडी पिवळी? तीही ठीक असेल तर मग जेटमधला कचरा, डायफ्रामला गेलेली चीर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे आपण पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला शिकतो; इथे ते पोटापाण्याच्या कामातून आलेलं आहे. ज्याने ठिणगी न बघता कॉइल बदलली, त्याचे पैसे गेले आणि पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा रस्त्यावर. (करून बघणार असाल तर पाणी तापलेल्या एक्झॉस्टवर पडू देऊ नका, बीड तडकतं. पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगीही तपासू नका.)

पेट्रोल किती सहज वाफ होतं हे मोजायची रीड पद्धत १९३० च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाली. त्यात तापमान ठरवलं १०० फॅरेनहाइट, म्हणजे ३७.८ सेल्सिअस. नांदेडच्या उन्हाळ्यात सावलीतही याहून जास्त असतं, बॉनेटखालचं तर सोडाच. पुढे पंप टाकीच्या आत गेला, पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने ढकललं जाऊ लागलं आणि नव्या गाड्यांपुरता हा विषय मिटला.

जुन्यांपुरता तो परत उघडलाय. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा बराच कमी, पण पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाचा दाब वाढतो. राउल्टचा नियम इथे मोडतो. नेटला बसणाऱ्यांनी याचा आलेख काढून बघावा. शिवाय इथेनॉलने जुन्या प्रकारचं रबर फुगतं. म्हणून उसाच्या या पट्ट्यात अजून फियाट सांभाळणाऱ्यांनी उन्हाळ्याआधी डायफ्राम आणि नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात. फडकं डिकीत असू द्यावंच.