ग्रंडी, फीलिक्स

(११ सप्टेंबर १७७७ – १९ डिसेंबर १८४०). अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील नामांकित फौजदारी वकील व राजकारणी. जन्म व्हर्जिनियातील बर्कली काउंटीत. लहानपणीच कुटुंब केंटकीत गेले. तेथे गोरे वसाहतकार आणि मूळ रहिवासी जमाती यांच्यातील संघर्षात त्यांचे तीन भाऊ मारले गेले. बार्ड्सटाउन येथे शिक्षण घेऊन, पुढे जॉर्ज निकलस यांच्या हाताखाली कायदा शिकून त्यांनी १७९७ मध्ये वकिली सुरू केली.

१७९९ च्या केंटकी संविधान परिषदेचे ते सदस्य होते. विधिमंडळात त्यांनी न्यायालयांचा प्रश्न लावून धरला. जिल्हा न्यायालये मोजक्याच गावी भरत. साध्या दाव्यासाठीही शेतकऱ्याला साक्षीदारांसह दूरचा प्रवास करावा लागे. १८०२ च्या कायद्याने काउंटीकाउंटीत फिरती न्यायालये भरू लागली. न्यायाधीशाबरोबर स्थानिक दोन साहाय्यक बसत. त्यांना कायद्याचे शिक्षण असावेच असे नव्हते. ग्रंडींचे सर्वांत लोकोपयोगी काम हेच म्हणावे लागेल.

१८०७ मध्ये ते केंटकीचे मुख्य न्यायाधीश झाले, पण लवकरच पद सोडून टेनेसीतील नॅशव्हिलला गेले. खुनाच्या खटल्यांत आरोपीचा बचाव करण्यात त्यांचा हातखंडा होता. कायद्याच्या काथ्याकुटापेक्षा ज्यूरीचे मन जिंकण्यावर त्यांचा भर असे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स पोक त्यांच्याच कचेरीत कायदा शिकले.

१८११ मध्ये काँग्रेसवर निवडून येताच ते ब्रिटनविरुद्ध युद्ध मागणाऱ्या ‘वॉर हॉक्स’ गटात सामील झाले. डिसेंबरातील भाषणात त्यांनी भावांच्या मृत्यूचा दाखला देऊन मूळ रहिवाशांना ब्रिटनची फूस असल्याचा आरोप केला. दुःख खरे होते. मात्र त्या जमातींची भूमी हिरावली जात होती, ही बाजू त्यांच्या मांडणीत नव्हती. १८१९ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्यांनी टेनेसी विधिमंडळात कर्जदारांची बाजू घेतली आणि १८२० मध्ये कर्ज देणारी राज्य बँक स्थापन करवली.

१८२९ पासून ते सिनेटर होते. १८३८-३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन यांच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल म्हणून काम करून ते सिनेटमध्ये परतले. पदावर असतानाच नॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले. टेनेसी, इलिनॉय, आयोवा आणि मिझुरी या राज्यांत त्यांच्या नावाची काउंटी आहे.